तीन डिस्क, एक कॉम्प्युटर: बूट मेन्यू ठेवायचा कुठे?

ऐरोलीहून मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यात भाजी घेत होतो. "भावोजी, जुनी हार्ड डिस्क काढली तर नवीवरचं विंडोजही गेलं. असं कसं होईल?"

होतं असं. आणि बऱ्याच जणांचं होतं.

त्याची १ टीबीची जुनी डिस्क टकटक आवाज करायला लागली होती, म्हणून त्याने ती काढून ठेवली. विंडोज वर्षभरापूर्वीच नव्या एनव्हीएमई एसएसडीवर (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान डिस्क) टाकलेलं. तरीही काळ्या पडद्यावर एकच ओळ: रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. जवळच्या एका दुकानदाराने दोन मिनिटं बघून सांगितलं, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकावं लागेल." त्या एसएसडीवर मेहुण्याच्या सगळ्या पक्षकारांचा टॅलीचा डेटा. तो घाबरला नसता तरच नवल.

शिवाय भाचीला इंजिनिअरिंगसाठी उबुंटू (विंडोजसारखीच, पण लिनक्सवर आधारलेली सिस्टिम) हवं होतं. तिची २४० जीबीची वेगळी एसएसडी आणून ठेवलेली, पण जोडलेली नव्हती. म्हणजे दुरुस्ती करायचीच होती, आणि पुढे सुरू होताना दोन सिस्टिममधून निवड कशी करायची, म्हणजे बूट मेन्यू कुठला ठेवायचा, हेही ठरवायचं होतं. अशा घरांत पर्याय कोणते आणि कोणाला काय परवडेल, ते इथे मांडतो.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा आणि सगळ्या डिस्कची नावं दिसतात का ते बघा. नावच नसेल तर बूट मेन्यूला दोष देऊ नका. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल नीट बसवा, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. एक गोष्ट दुकानातही पटकन लक्षात येत नाही: बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ च्या (एनव्हीएमई एसएसडी बसते त्या) एखाद्या खाचेत एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांची वाट एकच असते. नवीन एसएसडी आली आणि जुनी डिस्क "मेली", तर आधी मदरबोर्डच्या पुस्तिकेत डोकवा.

बायॉसमध्ये नाव दिसतंय, पण बूट मेन्यूत नाही, हा दुसरा प्रकार. सध्या याचं नेहमीचं कारण विंडोज ११ आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी सिक्युअर बूट (ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) लागतं म्हणून लोक बायॉसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय, बंद करतात, आणि जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली डिस्क बूटच्या यादीतून गायब होते. डिस्क धडधाकट असते, डेटाही जागेवर असतो. फक्त यूईएफआयला, म्हणजे बायॉसच्या नव्या पिढीला, तिची जुनी बूट करण्याची रीत चालत नाही. सीएसएम परत चालू केलं की ती दिसते. कायमचा उपाय हवा असेल तर डिस्क एमबीआरमधून नव्या जीपीटी पद्धतीत नेणारं मायक्रोसॉफ्टचंच एमबीआर२जीपीटी हे साधन २०१७ पासून विंडोजमध्येच येतं. त्यातला व्हॅलिडेट आधी चालवा, कन्व्हर्ट नंतर. बॅकअप त्याच्याही आधी.

तिसरा प्रकार: सगळं दिसतंय, पण बूट भलतीकडूनच होतंय. जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करून एसएसडी लावली आणि दोन्ही जोडलेल्या ठेवल्या की हा घोळ हमखास होतो. क्रम दर काही दिवसांनी आपोआप बदलत असेल आणि घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. घड्याळवाल्याकडेही मिळतो.

मेहुण्याकडे काय झालं होतं

यूईएफआय पद्धतीत विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स सी ड्राइव्हवर नसतात. त्यांच्यासाठी ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला भाग) असतं, बहुतेकदा १०० एमबीचं. एखाद्या डिस्कवर ते आधीपासून असेल, तर विंडोजचा इन्स्टॉलर नवीन करायच्या भानगडीत न पडता तेच वापरतो. मेहुण्याने एसएसडीवर विंडोज टाकलं तेव्हा जुनी डिस्क जोडलेलीच होती. घर नवीन बांधलं, पण किल्ली जुन्या घराच्या खुंटीवर राहिली. डिस्क काढली, किल्लीही गेली.

दुरुस्तीला पाऊण तास लागला, आणि त्यातला निम्मा वेळ पेनड्राइव्ह तयार करण्यात गेला. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट-एफ१० ने कमांड प्रॉम्प्ट उघडला. डिस्कपार्ट या विंडोजच्या पार्टिशन करणाऱ्या साधनातून सी ड्राइव्ह ३०० एमबीने आक्रसून त्या जागेत नवीन ईएफआय पार्टिशन केलं, ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला अक्षर दिलं आणि बीसीडीबूट ही विंडोजची कमांड चालवून बूट फाइल्स तिथे लिहून घेतल्या. टॅलीच्या फोल्डरला हातही लागला नाही.

म्हणून "फॉरमॅट की दुरुस्ती" या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. सी ड्राइव्हवरच्या फाइल्स शाबूत असतील तर बूट होत नाही एवढ्या कारणासाठी फॉरमॅट मारू देऊ नका. दुकानदाराला ते सोपं असतं, कारण तो रोज तेच करतो. तुम्हाला मात्र प्रिंटर, टॅली, श्रीलिपी, बँकेचं टोकन सगळं पुन्हा बसवावं लागतं. कमांड प्रॉम्प्टची भीती वाटत असेल तर जरूर दुकानात न्या, पण "बीसीडीबूटने ईएफआय पार्टिशन दुरुस्त करून द्या" एवढं वाक्य बोला. समोरच्याचा चेहरा बघून दुकान बदलायचं की नाही ते कळेल.

एक सावधगिरी. विंडोजचं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर बूटची व्यवस्था बदलताच ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का, हे आधी दुसऱ्या फोनवरून बघून घ्या. ती नसेल तर काहीही हलवू नका.

एफ१२ की ग्रब?

दोन डिस्कवर दोन सिस्टिम असतील तर खरी निवड या दोघांत असते: मदरबोर्डचा स्वतःचा मेन्यू (एफ१२), की उबुंटूसोबत येणारा मेन्यू (ग्रब).

पहिली रीत मदरबोर्डच्या स्वतःच्या बूट मेन्यूची. प्रत्येक डिस्क स्वयंपूर्ण ठेवायची, रोजच्या वापरातली डिस्क क्रमात पहिली लावायची, आणि दुसरी हवी तेव्हा सुरू होताना ठरलेली की दाबायची. डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटवर साधारण एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या मदरबोर्डवर एफ८, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११. एसरच्या काही लॅपटॉपवर हा मेन्यू बायॉसमध्ये आधी चालू करावा लागतो.

हिचा फायदा घरातल्या बाकीच्यांना होतो. मेहुणा पॉवरचं बटण दाबून चहा आणायला जातो. परत येईपर्यंत टॅली उघडायची तयारी हवी, मध्ये कोणी त्याला प्रश्न विचारलेला चालत नाही. एक डिस्क काढली, मेली किंवा भाचीने हॉस्टेलला नेली, तरी दुसरी आपली सुरू होते.

त्रास आहेत. की योग्य क्षणी दाबावी लागते आणि एसएसडीवर तो क्षण दोन-तीन सेकंदांचाच असतो. बायॉसमध्ये फास्ट बूट चालू असेल तर काही बोर्डांवर यूएसबी कीबोर्ड तेवढ्यात जागाही होत नाही, आणि ब्लूटूथ कीबोर्डचा तर प्रश्नच नाही. मग विंडोजमध्ये शिफ्ट धरून रीस्टार्ट करायचं आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडायचं. बहुतेक कॉम्प्युटरवर तिथूनही दुसरी डिस्क सापडते.

दुसरी रीत ग्रबची. उबुंटू टाकलं की ग्रब येतो, आणि दर वेळी पडद्यावर यादी दिसते: उबुंटू, विंडोज, दहा सेकंद थांबतो. दिवसातून चार वेळा इकडून तिकडे जाणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही. मी स्वतः घरी हेच वापरतो, शेवटची निवड लक्षात ठेवायला सांगून.

पण ग्रबला सांभाळावं लागतं. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. त्यामुळे "ग्रबमधून विंडोज उडालं" म्हणणाऱ्यांचं विंडोज बहुतेकदा जागेवरच असतं, ग्रबने फक्त बघितलेलं नसतं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर' समोर फॉल्स लिहून अपडेट-ग्रब चालवलं की ते परत येतं. उलट प्रकारही होतो: विंडोजचं मोठं अपडेट आलं की ते स्वतःला क्रमात पहिलं लावून घेतं आणि ग्रब दिसेनासा होतो. तोही पुसला गेलेला नसतो, बायॉसमध्ये जाऊन क्रम बदलला की झालं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने मात्र खरंच हैराण केलं. सिक्युअर बूट चालू असलेल्या विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक कॉम्प्युटरवर लिनक्स 'शिम एसबॅट' तपासणी फेल झाल्याचं सांगून बंद पडायला लागलं. ज्यांनी दोन वेगळ्या डिस्क वापरल्या होत्या तेही त्यातून सुटले नाहीत, कारण सिस्टिम सुरू करणारे कोणते प्रोग्रॅम (बूटलोडर) चालू द्यायचे नाहीत ही नोंद डिस्कवर नव्हे, मदरबोर्डमध्ये बसते. पहिल्या रीतीच्या बाजूने बोलताना हे लपवू नये.

आता गंमत अशी की या दोघांत खरं भांडण नाहीच. मेन्यू कुठलाही ठेवा, ईएफआय पार्टिशन प्रत्येक डिस्कचं स्वतःचं हवं. विंडोजच्या डिस्कवर विंडोजचं, उबुंटूच्या डिस्कवर उबुंटूचं. मग ग्रब पहिला लावला तरी तो फक्त विंडोजकडे बोट दाखवतो, त्याचं ओझं घेत नाही. उबुंटूची डिस्क गेली तर बायॉस आपणहून विंडोजकडे वळतो. दोघांच्या फाइल्स एकाच ईएफआय पार्टिशनमध्ये टाकल्या, की तीन डिस्क असूनही तुमचा जीव एकाच डिस्कमध्ये अडकतो.

हे साधायचा खात्रीचा उपाय गावठी आहे: सिस्टिम टाकताना बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर तर तुम्ही बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी पहिल्या डिस्कवरच्या ईएफआयमध्येच लिहायचा. एनव्हीएमई ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली असेल आणि काढणं जिवावर येत असेल, तर काही बोर्डांवर ती खाच बायॉसमधून तात्पुरती बंद करता येते.

उरलेले दोन पर्याय

विंडोजचा स्वतःचा निळा बूट मेन्यू एकाच कॉम्प्युटरवर दोन विंडोज असतील तरच बघा. यूईएफआयवर तो लिनक्स आपणहून दाखवत नाही. दुसरं विंडोज निवडलं की कॉम्प्युटर पुन्हा एकदा रीस्टार्ट होतो, कारण तो रंगीत मेन्यू दाखवायलाच आधी पहिलं विंडोज अर्धवट जागं झालेलं असतं. आणि यादी एकाच डिस्कवर राहते, म्हणजे मेहुण्याचीच कहाणी पुन्हा.

रीफाइंड हे रॉडरिक स्मिथ यांनी लिहिलेलं साधन दर वेळी सुरू होताना सगळ्या डिस्क धुंडाळतं आणि सापडेल ते चित्रांसह मांडतं. डिस्क सतत काढ-घाल करणाऱ्यांना ते ग्रबपेक्षा बरं. सिक्युअर बूटसह बसवायला मात्र खटपट आहे. घरच्या एकाच कॉम्प्युटरसाठी मी सुचवणार नाही.

२०१२ च्या आधीची, निव्वळ जुन्या बायॉसची मशीन असेल तर मी ग्रबच्या वाटेला जाऊच नका म्हणेन. तिथे बूटचा कोड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये कोंबलेला असतो आणि ग्रबचा उरलेला भाग दुसऱ्या डिस्कवर असला, तर ती काढताच 'ग्रब रेस्क्यू' लिहिलेला काळा पडदा येतो. प्रत्येक डिस्कला आपापलं बूट, आणि की दाबून निवड.

ऐरोलीत काय ठरलं

भाचीला ग्रब हवा होता. "काका, दर वेळी की दाबत बसू का?" मेहुण्याला पडद्यावर काहीही नको होतं. कॉम्प्युटर कामाचा त्याचा, म्हणून त्याचं ऐकलं. एनव्हीएमईची खाच बायॉसमधून बंद करून उबुंटू तिच्या एसएसडीवर टाकलं, तिथे स्वतःचं ईएफआय पार्टिशन केलं, मग खाच चालू करून विंडोज क्रमात पहिलं लावलं. कॅबिनेटवर तिने स्केचपेनने 'एफ११' लिहिलेली पट्टी चिकटवली. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि उबुंटूतून त्याच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. जुनी डिस्क तपासून तिच्यावरचे फोटो उतरवून घेतले आणि ती कपाटात गेली.

मी रात्री ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा फोन. "भावोजी, आता घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवतंय!"

भाची रात्री उबुंटूत बसली होती. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं, आणि बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. उबुंटूला मदरबोर्डचं घड्याळ भारतीय वेळेत ठेवायला सांगणारी टाइमडेटसीटीएलची एक कमांड भाचीला व्हॉट्सअॅपवर पाठवली. मेहुण्याला म्हटलं, आधी घड्याळ दुरुस्त कर, एंट्र्या नंतर.