मालवण आणि अंदमानच्या पाण्यात एक हाऊसिंग : सहा महिन्यांनंतर

ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत मी हे अ‍ॅल्युमिनियमचे हाऊसिंग, म्हणजे पाण्याखाली कॅमेरा ठेवण्याची जलरोधक पेटी, 46 डाइव्हमध्ये (पाण्याखालच्या फेऱ्यांत) वापरले. त्यांतल्या 37 मालवणला झाल्या आणि 9 अंदमानात, स्वराज द्वीपाजवळ. समुद्रजीवांचे चित्रण करणाऱ्याने एखादे हाऊसिंग किमान एक हंगाम वापरल्याशिवाय त्याबद्दल मत देऊ नये, असे मला वाटते, म्हणून इतके दिवस थांबले.

मालवणचे पाणी हिरवट असते आणि उधाणात तळाचा गाळ वर येऊन ते पार गढूळ होते, त्यामुळे चित्रणाचे दिवस मी अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, धरू लागले. अशा पाण्यात डोम पोर्टचा, म्हणजे लेन्ससमोरच्या घुमटाकार काचेचा, खरा उपयोग कळतो. सपाट काचेतून वस्तू सुमारे पाऊणपट अंतरावर, म्हणून मोठी दिसते आणि लेन्सचा कोन अरुंद होतो. डोम तो कोन जपतो, त्यामुळे माशाच्या अगदी जवळ जाता येते आणि कॅमेरा व मासा यांच्यामधले गढूळ पाणी कमी होते. लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. म्हणून दर तीन-चार मीटरला पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचा रंगांचा मेळ) नव्याने घ्यावा लागतो, आणि त्याचे बटण हातमोज्यातूनही अचूक सापडते. दिवे धरणारे दांडे मात्र बाजूला लांब पसरावेत, नाहीतर पाण्यातल्या कणांवरून परतलेला प्रकाश थेट लेन्समध्ये येतो.

डोममुळे हाऊसिंगचे तोंड पाण्यात वर उचलले जाते. पहिले दोन आठवडे मनगट दुखले. पुढे पोर्टखाली शिशाचे छोटे वजन बांधल्यावर ते स्थिर झाले.

अंदमानात वाळूवर गोबी मासा आणि त्याच्याच बिळात राहणारी कोळंबी टिपण्यासाठी मॅक्रो लेन्स (लहान वस्तू जवळून मोठ्या टिपणारी) आणि सपाट काचेचा पोर्ट लावला. कोळंबीची दृष्टी अधू असते. बीळ उपसताना तिची एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली असते आणि माशाने शेपूट हलवले की ती आत पळते. माझ्या बुडबुड्यांनी दोघेही दोनदा आत गेले. तिसऱ्या वेळी रेकॉर्डिंग आधीच सुरू केले आणि हात न हलवता, संथ श्वास घेत पडून राहिले. अकराव्या मिनिटाला कोळंबी वाळूचा ढीग ढकलत बाहेर आली. एक्स्पोजरचा खटका इतका हलका आहे की त्या क्षणी तो फिरवतानाही चौकट हलली नाही. या एका गुणासाठी मी हे हाऊसिंग पुन्हा घेईन.

दोष एकच, पण गंभीर आहे. 18 मीटरवर, म्हणजे सुमारे 2.8 वातावरणांच्या दाबाखाली, रेकॉर्डिंगचे बटण दोनदा आत दबून राहिले. स्प्रिंग कमकुवत आहे. एका वेळी त्यामुळे चित्रण मधेच थांबले आणि समोरून जाणारे कासव हातचे गेले. विक्रेत्याकडून बदली स्प्रिंग यायला पाच आठवडे लागले.

व्हॅक्यूमची सोय, म्हणजे आतली हवा खेचून गळती आहे का ते दिव्याने दाखवणारी व्यवस्था, मात्र अत्यंत भरवशाची आहे. एकदा होडीतच हिरवा दिवा लाल झाला. उघडून पाहिले तर ओ-रिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) खाचेत पंचाचा एक धागा अडकला होता. तेव्हापासून मी हवा खेचल्यावर अर्धा तास थांबते आणि ओ-रिंग पुसायला पंचा वापरत नाही. आता पावसाळ्यासाठी ओ-रिंगा काढून वेगळ्या डबीत ठेवल्या आहेत, आणि नवी स्प्रिंग बसवली आहे. ती त्या दाबाला टिकते का, हे ऑक्टोबरमध्येच तपासता येईल.