अंगणातलं कोर्टेन शिल्प आणि त्याच हाताचं मुद्राचित्र : आठ महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधून दोन वस्तू घरी आल्या. एक साडेतीन फुटी शिल्प, कोर्टेन स्टीलचे पत्रे कापून वेल्डिंगने उभं केलेलं. दुसरं त्याच शिल्पकाराचं अमूर्त मुद्राचित्र, म्हणजे शाई लावलेल्या ठशावरून कागदावर छापलेलं चित्र. त्याच्या खाली पेन्सिलीने 7/15 आणि सही, म्हणजे पंधरा प्रतींतली सातवी.

कोर्टेनमध्ये तांबं, क्रोमियम थोडं मिसळलेलं असतं. भिजत-वाळत राहिलं की त्यावर गंजाचा घट्ट थर धरतो आणि तोच आतला धातू राखतो. पण वाळायला तर हवं! जुलैत आमच्या अंगणात उन्हाचं दर्शन नाही. तळाशी पाणी साचलं, गंज शहाबादी फरशीवर उतरला, तो डाग अजून तसाच आहे. हे विकतानाच सांगायला हवं होतं. मग दगडी चौथरा केला, भोवती खडी टाकली. तांबट लेनमध्ये वाढलेली माझी आई म्हणाली, "चिंच लावून घासून काढ की!" तिला समजावायला दिवाळी उजाडली. तोवर नारिंगी रंग जाऊन सुरेख जांभळट तपकिरी चढला होता.

चित्राने मात्र मला खरं काही दिलं. ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या ओल्या भिंतीवर माऊंटला, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती असलेल्या पुठ्ठ्याला, बुरशीचे ठिपके आले. फ्रेम उघडून घेतली, साधा पुठ्ठा काढून आम्लरहित माऊंट बसवला. काच नसताना कागदावर तिरपा उजेड पडला आणि काळ्या आकाराची कड खोल दबलेली दिसली. तो आकार कुठेतरी पाहिलाय असं वाटत राहिलं. दोन दिवसांनी उलगडलं : शिल्पाच्या मधलं भोक! पत्र्यातून कापून निघालेला तुकडा शाई लावून प्रेसखाली घातलेला. छापताना आकार उलटतो, म्हणून तीन महिने ओळखू आला नव्हता. शिल्पकाराला फोन केला, तर ते हसून "हो" म्हणाले.

शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर ब्राँझची शिल्पंही करत आणि कागदाच्या लगद्यात जखमांचे पांढरे ठसेही उमटवत. एकाच हाताला दोन्ही माध्यमं का लागतात, हे मला त्या दिवशी समजलं.

दोन्ही परवडत नसेल तर चित्र घ्या, पण घेण्याआधी ते ज्या पत्र्यावरून छापलं तो पाहायला मागा. आमचं चित्र आता आतल्या कोरड्या भिंतीवर आहे, खिडकीतून ते भोक दिसतं तिथे.