सिम की लॉरी: स्कॉटिश चरित्र अभिनेत्याची ओळख कोणापासून करून घ्यावी?

स्कॉटलंडच्या एखाद्या चरित्र अभिनेत्याची कारकीर्द सुरुवातीपासून नीट पाहावी, असे मनात आणणाऱ्या रसिकापुढे गेल्या शतकातील दोन नावे हटकून येतात: एडिंबरा येथील अ‍ॅलॅस्टर सिम आणि डम्फ्रीज येथील जॉन लॉरी. लॉरी यांचा जन्म १८९७ चा, सिम यांचा १९०० चा. दोघेही नाटकात तयार होऊन मग चित्रपटात आले आणि दोघांचाही चेहरा रूढ अर्थाने नायकाचा नव्हता. साम्य मात्र इथेच संपते. सिम पडद्यावर आले की चित्रपट त्यांचा होतो. लॉरी आले तर चित्रपट ज्याचा असेल त्याचाच राहतो, पण त्याला वजन येते. ज्याला जे हवे असेल त्यावर निवड अवलंबून राहील.

एक अडचण आधीच सांगितलेली बरी. दोघांच्या आयुष्यातील मोठा काळ रंगभूमीवर गेला आणि त्या कामापैकी आज पाहण्यासारखे फारच थोडे उरले आहे. लॉरी यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत लंडनचे ओल्ड विक नाट्यगृह आणि शेक्सपिअरचे गाव स्ट्रॅटफर्ड येथे शेक्सपिअरच्या मोठ्या भूमिका केल्या, त्यांत हॅम्लेट आणि मॅक्बेथही होते. पडद्यावर मात्र लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८ च्या ‘हॅम्लेट’मध्ये ते दिसतात ते तटावर पहारा देणाऱ्या फ्रान्सिस्कोच्या चार ओळींपुरते. म्हणून निर्णय चित्रपटांवरूनच करावा लागतो, आणि या बाबतीत सिम यांचे पारडे जड आहे, कारण त्यांना मध्यवर्ती भूमिका अधिक मिळाल्या.

सिम मुळात शिक्षक. १९२५ ते १९३० या काळात ते एडिंबरा येथे वाणी आणि उच्चारशास्त्राचे अध्यापन करीत होते, आणि वयाच्या तिशीला टेकल्यावर त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल टाकले. १९३० मधील लंडनच्या ज्या ‘ऑथेल्लो’त पॉल रॉबसन नायक होते आणि पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट डेस्डिमोना होत्या, त्यात सिम यांना छोटेसे काम मिळाले होते. शिक्षकाचा कान पुढे त्यांच्या प्रत्येक भूमिकेत जाणवतो. वाक्य कोठे तोडायचे, शेवटचा शब्द कोठे गिळायचा आणि कोठे विनाकारण लांबवायचा, हे ते इतके नेमके जाणतात की ऐकणाऱ्याला संवाद त्याच क्षणी सुचल्यासारखा वाटतो.

‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) हा युद्धकाळातील इस्पितळात घडणारा रहस्यपट याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील इन्स्पेक्टर कॉकरिल निवेदक म्हणून आधीपासून ऐकू येतो, पण प्रत्यक्ष दिसतो तो बराच भाग उलटल्यावर. आणि एकदा आला की बाकीची सगळी गंभीर माणसे त्याच्या खोडकर चौकशीसमोर अवघडून जातात. १९५१ च्या ‘स्क्रूज’मध्ये तीच हत्यारे वेगळ्या कामाला लागतात. कंजूष म्हाताऱ्याचे मनःपरिवर्तन बहुतेक नटांच्या हाती गोड आणि गुळगुळीत होते. सिम यांचा स्क्रूज बदलल्यावर स्वतःच्याच आनंदाला घाबरतो, आणि मोलकरीण त्याला वेडा समजून किंचाळते ते अगदी पटते. त्याच चित्रपटात तरुण स्क्रूज झालेले जॉर्ज कोल हे सिम यांच्याच हाताखाली घडलेले नट होते, ही गोष्ट लक्षात ठेवून पाहिले तर मजा वाढते. १९५४ च्या ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’मध्ये ते मुलींच्या अनागोंदी शाळेच्या मुख्याध्यापिका आणि त्या बाईंचे सट्टेबाज बंधू अशा दोन्ही भूमिकांत आहेत. पुरुषाने स्त्रीभूमिका केली की विनोद बहुधा कपड्यांवर थांबतो. इथे तो बाईंच्या दमलेल्या, आब राखून असलेल्या व्यवहारीपणातून येतो.

लॉरी यांच्याबद्दल अधिक सांगावे लागेल, कारण त्यांचे काम चटकन नजरेत भरत नाही. हिचकॉक यांच्या १९३५ च्या ‘द थर्टीनाइन स्टेप्स’मध्ये ते स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील एक संशयी, धार्मिक, चिकट शेतकरी आहेत. पळणाऱ्या नायकाला एका रात्रीचा आसरा मिळतो तो यांच्याकडे. जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणता म्हणता, आपली तरुण बायको आणि पाहुणा यांच्यात काही नजरानजर होत असल्याचे त्याला दिसते, आणि मग तो बाहेर जाऊन खिडकीतून आत पाहत राहतो. बायको म्हणजे पुन्हा पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट. हा भाग अवघ्या काही मिनिटांचा आहे, पण त्या घरात यापूर्वीची कितीतरी वर्षे कशी गेली असतील, ते लॉरी यांच्या बारीक झालेल्या डोळ्यांतून कळते. चरित्र अभिनेता नेमके काय करतो, असे मला कोणी विचारले तर मी हाच तुकडा दाखवीन.

मुख्य भूमिका पाहायची तर मायकल पॉवेल यांचा १९३७ चा ‘द एज ऑफ द वर्ल्ड’ आहे. सेंट किल्डा बेटावरील शेवटच्या रहिवाशांना १९३० मध्ये मुख्य भूमीवर हलवण्यात आले, त्या घटनेवरून सुचलेला हा चित्रपट शेटलंडमधील फौला बेटावर चित्रित झाला. बेट सोडायला तयार नसलेला कुटुंबप्रमुख पीटर मॅन्सन साकारताना लॉरी यांनी चाळिशीही गाठली नव्हती, तरी वाऱ्याने आणि हट्टाने वाळलेले ते म्हातारपण कोठेही उसने वाटत नाही. समोर फिनले करी हे आणखी एक भक्कम स्कॉटिश नट आहेत.

दोघांना एकत्र पाहायचे असेल तर १९५१ चा ‘लाफ्टर इन पॅरडाइज’ सोयीचा आहे. वारसा मिळवण्यासाठी तुरुंगात जाणे भाग पडलेले सिम त्यात अटक व्हावी म्हणून धडपडतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा सभ्यपणाच आडवा येतो. लॉरी छोट्या भूमिकेत आहेत. दोघांच्या वाट्याला आलेल्या जागेतील हा फरक त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत दिसतो.

उत्तरायुष्यात मात्र पारडे फिरले. सिम १९६० नंतर चित्रपटांपासून जवळजवळ बारा वर्षे दूर राहिले आणि नाटकांत, विशेषतः इंग्लंडमधील चिचेस्टर येथे, रमले. त्यामुळे त्यांच्या परिपक्व काळाचा मोठा भाग आपल्याला पाहता येत नाही. लॉरी यांना खरी लोकप्रियता मिळाली ती ७१ व्या वर्षी, बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ (१९६८ ते १९७७) या विनोदी मालिकेत. त्यातील त्यांचा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा फ्रेझर डोळे विस्फारून सर्वनाशाची भाकिते करतो. शेक्सपिअर कोळून प्यालेल्या नटाला यासाठी ओळखले जावे, हे त्यांना खटकले असेल तर नवल नाही. पण फ्रेझरच्या भुताखेतांच्या कथा ऐकताना मॅक्बेथचा आवाज कोठे मुरला ते समजते.

ज्यांना दोघेही अंमळ तऱ्हेवाईक वाटतील, त्यांच्यासाठी ग्लासगोचे गॉर्डन जॅक्सन हा तिसरा पर्याय आहे. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेतील बटलर हडसन ही त्यांची कीर्ती, आणि त्यासाठी त्यांना १९७६ मध्ये एमी पुरस्कारही मिळाला. काम निर्दोष आहे, परंतु मला त्यात अनपेक्षित असे फार कमी सापडते.

एकच संध्याकाळ हाताशी असेल, किंवा सोबत घरची मंडळी असतील, तर सिम यांचा ‘ग्रीन फॉर डेंजर’ लावावा. अभिनयाचा अभ्यास म्हणून पाहणाऱ्याने लॉरी यांच्यापासून, आणि तेही हिचकॉक यांच्या चित्रपटातील त्या काही मिनिटांपासून सुरुवात करावी, मग ‘द एज ऑफ द वर्ल्ड’कडे वळावे. पुढे १९७८ मध्ये पॉवेल लॉरी यांना घेऊन पुन्हा फौला बेटावर गेले आणि त्या भेटीवर त्यांनी एक माहितीपट केला. मूळ चित्रपटाला लागूनच तो पाहिला, तर तरुणपणी अभिनयाने मिळवलेला म्हातारा चेहरा आणि एक्केचाळीस वर्षांनी खरोखरच आलेला म्हातारा चेहरा एकाच बैठकीत शेजारी ठेवून पाहता येतात.