स्थळनावांची पदभ्रमंती: पंचवटी ते जुने नाशिक

स्थळनावांवरच्या सहलींमध्ये बहुधा एकच व्युत्पत्ती ठामपणे ऐकवली जाते आणि मंडळी पुढे सरकतात. पंचवटी व जुन्या नाशकात एका लहान अभ्यासगटातर्फे सकाळी काढली जाणारी ही पदभ्रमंती तसे करत नाही, आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

सुरुवात सीतागुंफेजवळच्या वडांपाशी होते. पाच वडांवरून पंचवटी, हे सर्वांना ठाऊक असल्याने मार्गदर्शक तेथे रेंगाळत नाहीत. ‘नाशिक’ या नावाला मात्र त्यांनी भरपूर वेळ दिला. शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाची कथा आणि नऊ टेकड्यांवरून ‘नवशिखा’ ही दुसरी उपपत्ती, या दोन्ही त्यांनी ऐकणाऱ्यांच्या श्रद्धेचा मान राखून सांगितल्या. त्यानंतर पांडवलेण्यांतील, म्हणजे नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील बौद्ध लेण्यांपैकी, १९ क्रमांकाच्या लेण्यातील लेखाचा ठसा दाखवला. सातवाहन राजा कण्ह याच्या काळात नाशिक येथील, श्रमणांच्या (भिक्षूंच्या) महामात्राने, म्हणजे त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, हे लेणे करविले, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कथा कोणतीही मानली, तरी नाव सुमारे दोन हजार वर्षे जुने आहे, एवढे दगडातच कोरलेले आहे. १० क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताचा (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा) लेख तर त्रिरश्मी डोंगर ‘गोवर्धन’ येथे असल्याचे सांगतो. तेच गोवर्धन आज गंगापूर रस्त्यावरचे एक गाव म्हणून उरले आहे. माझ्या मते संपूर्ण सकाळीतला हा सर्वांत मोलाचा भाग होता.

गुलशनाबाद या मोगलकालीन नावाविषयीही असाच नेमका पुरावा मिळाला. पेशवाईत शहराचे जुने नाव पुन्हा रूढ झाले असले, तरी येथील टांकसाळीतून निघालेल्या मराठ्यांच्या रुपयांवर गुलशनाबाद हेच नाव राहिले. नाणे चालायचे असेल, तर लोकांच्या ओळखीचे नाव त्यावरून सहज काढता येत नाही, हे त्यावरून चांगले कळते.

गोदाकाठी १७४७ सालच्या नारोशंकर मंदिरापुढे उभे राहिल्यावर, येथील देव रामेश्वर असूनही मंदिर बांधणाऱ्या सरदाराच्या नावाने ओळखले जाते, हे लक्षात आणून दिले गेले. वसईच्या विजयाची आठवण असलेल्या घंटेमुळे ते नाव आणखी पक्के झाले असावे. काळारामाचे नाव काळ्या पाषाणाच्या मूर्तीवरून पडले, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी येथे सुरू झालेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहामुळे हे नाव उच्चारताच आज आणखी एक इतिहास आठवतो. मार्गदर्शकांनी त्याविषयी संयमाने, परंतु काहीही न झाकता सांगितले.

उणिवाही आहेत. रामकुंडावरील गर्दीत मागे राहिलेल्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. ध्वनिवर्धक तरी हवा किंवा गट लहान तरी हवा. सिडको आणि मेरी या वस्त्यांची नावे शेवटी घाईघाईने उरकली गेली. एका महामंडळाच्या आणि एका अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ही नावे तयार झाली, हे तेथे वाढणाऱ्या कित्येक मुलांना ठाऊक नसते, त्यामुळे या नावांना अधिक वेळ मिळायला हवा होता.

नाशकात राहणाऱ्यांनी ही पदभ्रमंती अवश्य करावी. वृद्धांनी मात्र घाटाच्या पायऱ्यांचा विचार करून जावे. आयोजकांनी पांडवलेण्यांसाठी स्वतंत्र सकाळ ठेवावी आणि ठशांऐवजी मूळ लेखांसमोर उभे करून वाचन घडवावे, एवढी विनंती आहे.