फिल्म न्वार क्लासिक कलेक्शन, खंड १ : बोगार्टविना राकटपणा

वॉर्नरने २००४ मध्ये काढलेल्या या डीव्हीडी संचात १९४४ ते १९५० या काळातले पाच कृष्णधवल फिल्म न्वार, म्हणजे गुन्हेगारीभोवती फिरणारे काळोख्या वातावरणाचे चित्रपट आहेत. राकट नायक म्हटले की हम्फ्री बोगार्टच डोळ्यांसमोर येणाऱ्यांची निराशा होईल, कारण तो येथे नाही. परंतु ही उणीव माझ्या तरी पथ्यावर पडली. एरवी ज्यांची नावे त्याच्यानंतर घेतली जातात, त्या नटांकडे त्यामुळे निवांतपणे पाहता येते.

‘मर्डर, माय स्वीट’मधला डिक पॉवेल तोवर संगीतपटांतला गोड गळ्याचा नायक म्हणून ओळखला जात होता, आणि मूळ कादंबरीचे नाव ठेवले तर प्रेक्षक हाही संगीतपटच समजतील या धास्तीने चित्रपटाचे नाव बदलावे लागले होते. त्याने रंगवलेला खाजगी गुप्तहेर फिलिप मार्लो मार खातो, गुंगीच्या औषधाने भ्रमिष्ट होतो आणि एका धनिकाच्या घरातल्या संगमरवरी फरशीच्या चौकोनांवर चक्क लंगडी घालतो. असा पोरकटपणा बोगार्टच्या मार्लोला शोभला नसता. पॉवेलला तो शोभतो.

‘आउट ऑफ द पास्ट’मध्ये रॉबर्ट मिचम याच्या उलट काहीच करत नसल्यासारखा दिसतो. कर्क डग्लस त्याला सिगारेट देऊ करतो, तेव्हा तो हातातली पेटती सिगारेट उचलून दाखवतो आणि एका शब्दात विषय संपवतो. अर्धवट मिटलेल्या त्या पापण्यांमागे आपण फसत चाललो आहोत याची पुरती जाणीव आहे, आणि तरीही तो मागे फिरत नाही, म्हणूनच ही भूमिका इतकी लक्षात राहते.

माझ्या मते संचाचा मानबिंदू मात्र ‘द सेट-अप’ आहे. रॉबर्ट रायन महाविद्यालयात असताना स्वतः मुष्टियोद्धा होता आणि १९४९ च्या या चित्रपटात ते त्याच्या उभे राहण्यातूनच कळते. त्याने रंगवलेला पस्तिशीतला मुष्टियोद्धा स्टोकर हरणारच अशी त्याच्या व्यवस्थापकाला इतकी खात्री आहे की, हरण्यासाठी घेतलेल्या पैशांबद्दल तो स्टोकरला सांगतही नाही. कथेचा काळ आणि चित्रपटाची लांबी जवळपास एकच, सुमारे ७२ मिनिटे, असल्यामुळे कपडे बदलण्याच्या खोलीतले ते वाट पाहणे आपल्यालाही चुकत नाही. एकेक खेळाडू बाहेर जातो, रक्तबंबाळ होऊन परततो, आणि रायन खिडकीतून पत्नीच्या खोलीतला दिवा पाहत राहतो. त्याचा राकटपणा ठोशात नसून या बसून राहण्यात आहे.

‘द अस्फाल्ट जंगल’मधला स्टर्लिंग हेडन दरोडेखोर असूनही गमावलेल्या घोड्यांच्या फार्मसाठी झुरतो, हे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनने कुठेही हळवे होऊ दिलेले नाही. ‘गन क्रेझी’ मात्र राकट नायकांच्या पंक्तीत बसत नाही. त्यात खरी धाडसी आहे ती पेगी कमिन्स, आणि जॉन डॉल तिच्यामागे ओढला जातो. तरीही मोटारीच्या मागच्या आसनावरून एकाच सलग दृश्यात टिपलेल्या बँक दरोड्यासाठी ही तबकडी वगळू नये.

‘द सेट-अप’च्या तबकडीवर दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांची कॉमेंट्री आहे. ती दुसऱ्या वेळी पाहतानाच लावावी, कारण पहिल्या वेळी मुष्टियुद्धाचा निकाल आधी कानावर पडणे परवडणारे नाही.