कुलूप दारापुरते, पासवर्ड उघड्यावर

जळगावला मुख्य कार्यालय आणि चोपडा, अमळनेर येथे शाखा असलेल्या आमच्या शिक्षणसंस्थेने गेल्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या लॉगिनसाठी ओळख-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घेतले. हजेरी, पगारपत्रक, परीक्षेचे गुण आणि ग्रंथालय या सर्वांना एकच पासवर्ड, हा त्याचा मुख्य उपयोग, आणि तेवढे काम ते चोख करते. माणूस रुजू झाला की त्याची सारी खाती दहा मिनिटांत तयार होतात. निवृत्त झाला की एकाच वेळी बंद होतात.

पावसाळ्यात चोपड्याचे लॉगिन वारंवार अडकू लागले, तेव्हा कारण शोधण्यासाठी मी तिथल्या शाखा-सर्व्हरवर वायरशार्क हे नेटवर्कवरून जाणारी माहिती पकडून दाखवणारे साधन लावले. चाचणीच्या खात्याला ‘भरीतपुरी’ हा पासवर्ड रोमन अक्षरांत दिला होता. पकडलेले पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या माहितीचा तुकडा, उघडले, तर खातेनावाच्या खाली तो जसाच्या तसा वाचता येत होता.

ब्राउझरमध्ये दिसणारे कुलपाचे चिन्ह खोटे नाही. पण ते संरक्षण शाखा-सर्व्हरपाशी संपते. तिथून जळगावच्या डिरेक्टरीपर्यंत, म्हणजे सर्व खात्यांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरपर्यंत, पासवर्ड एलडॅप या डिरेक्टरीशी बोलण्याच्या पद्धतीतल्या साध्या बाइंडने (नाव-पासवर्ड थेट पाठवून), कोणत्याही एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे सांकेतिक रूपात न बदलता, तापी ओलांडून येत होता, आणि ही जोडणी आमच्या मालकीची नाही. पासवर्ड हॅश करून, म्हणजे मूळ शब्द परत काढता येऊ नये अशा रूपात बदलून, साठवतो, असे माहितीपत्रकात ठळक छापले आहे. मात्र हॅश होतो तो पासवर्ड पोहोचल्यावर, वाटेत नव्हे. निव्वळ ३८९ पोर्ट (एलडॅपचा नेहमीचा जोडणी-क्रमांक) वापरला म्हणून मी दोष देत नाही, कारण स्टार्ट-टीएलएस या आज्ञेने त्याच पोर्टवर टीएलएस ही एन्क्रिप्शनची पद्धत सुरू करता येते, आणि एन्क्रिप्टेड जोडणीसाठी ६३६ हा वेगळा पोर्टही आहे. नाव-पासवर्डाची ओळखतपासणी टीएलएसने सुरक्षित करण्याची सोय सर्व्हरमध्ये असलीच पाहिजे, अशी अट २००६ च्या आरएफसी ४५१३ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजातच आहे.

विक्रेत्याचे पहिले उत्तर होते, “साहेब, आतलंच नेटवर्क आहे, बाहेरचं कोण बघणार?” दोन महिन्यांनी सुधारित आवृत्ती आली आणि एन्क्रिप्शन सुरू झाले. मग मी स्वतः तयार केलेले प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) लावून एक नकली डिरेक्टरी उभी केली, तर शाखा-सर्व्हरने काहीही न तपासता पासवर्ड तिच्याही हवाली केला. म्हणजे मध्ये शिरलेल्या कोणालाही आजही डिरेक्टरीचे सोंग घेता येते.

सध्या आम्ही शाखांदरम्यान वायरगार्ड या सॉफ्टवेअरने एन्क्रिप्टेड बोगदा टाकला आहे आणि सर्वांचे पासवर्ड बदलून घेतले आहेत. “आमचा पासवर्ड कोणी पाहिला का हो?” असे परीक्षा विभागातल्या मॅडमनी विचारले, तेव्हा मला छातीठोकपणे “नाही” म्हणता आले नाही, कारण वाटेत कोणी नुसते वाचून गेले, तर त्याची नोंद आपल्याकडे कुठेच राहत नाही.

या सॉफ्टवेअरला पाचपैकी दोन गुण. मार्चमध्ये कराराचे नूतनीकरण आहे. प्रमाणपत्र पडताळल्याशिवाय जोडणी होत नाही, हे आमच्यासमोर करून दाखवेपर्यंत सही करू नये, असे मी संस्थाचालकांना लेखी कळवले आहे.