कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मत मांडणे : नऊ वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला यंदा नऊ वर्षे झाली. त्यात अडतीस माणसे आहेत. एका ग्रुपमध्ये १,०२४ जण सामावू शकतात, हे समजल्यापासून मी ॲडमिनपद टाळत आलो आहे. फोटो किती स्पष्ट जातात किंवा व्हिडिओ कॉल कसा चालतो, याबद्दल मला येथे काहीच सांगायचे नाही. राजकारण, नातेसंबंध आणि रोजचे जगणे यांविषयी सहज मनात आलेले मत आपल्या माणसांत बोलून दाखवण्यासाठी ही सोय कितपत उपयोगी आहे, एवढाच प्रश्न मी विचारात घेतला आहे.

रोजच्या जगण्यापुरते पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही. गळक्या नळाला वायसर बदलून भागेल की सबंध नळच काढावा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र मनगटाचे घ्यावे की दंडाचे, यावर पंधरा मिनिटांत वीस मते येतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध असली तरी कोणी मनाला लावून घेत नाही. २०२२ मध्ये पोलची सोय आल्यापासून एकत्र जमण्याची तारीख ठरवणेही सोपे झाले, कारण बारापर्यंत पर्याय देता येतात आणि ‘मी आधीच सांगितले होते’ असे म्हणायला कोणाला वाव उरत नाही. फक्त पोलमध्ये कोणी कशाला मत दिले ते नावानिशी दिसते, हे विसरता कामा नये. एका निवडणुकीच्या तोंडावर धाकट्या भावाने गमतीने ‘यंदा कोणाला मत?’ असा पोल टाकला. तिघांनी उत्साहाने मत दिले, त्यांतल्या एकाने अर्ध्या तासात ते मागे घेतले आणि बाकीचे पस्तीस जण दिवसभर ग्रुपकडे फिरकलेच नाहीत. मतपेटी गुप्त का ठेवतात, हे मला नागरिकशास्त्राच्या तासापेक्षा त्या दिवशी अधिक चांगले कळले.

राजकारणाच्या बाबतीत माझी खरी हरकत फॉरवर्डला आहे. अनेकदा पुढे गेलेल्या मेसेजवर दुहेरी बाणाची खूण येते आणि २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, ही मर्यादा योग्यच आहे. पण फॉरवर्ड किती वेगाने फिरतो यापेक्षा तो नेमके कोणाचे मत असतो, हा प्रश्न मला अधिक छळतो. काकांनी पाठवलेल्या लांबलचक मजकुरातील एखाद्या विधानावर शंका काढली की ते म्हणतात, “अरे, मी फक्त पुढे पाठवले,” आणि शंका काढली नाही तर तोच मजकूर आठवडाभराने त्यांचे ठाम मत म्हणून परत येतो. बोलल्याचे समाधान मिळते आणि उत्तराची जबाबदारी मात्र घ्यावी लागत नाही, अशी ही व्यवस्था आहे. त्यापेक्षा मोठ्या आत्याचे चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज मला परवडतात, कारण त्यांतले प्रत्येक वाक्य तिचे स्वतःचे असते. शिवाय दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय असल्यामुळे तिचा राग निम्म्या वेळात आटोपतो.

नातेसंबंधांविषयीची मते मात्र या जागेवर मांडूच नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे. गेल्या वर्षी कोणाच्या तरी लग्नाचा विषय चालला असताना मामांनी सहज लिहिले, “हल्लीच्या मुलींना तडजोड म्हणून करायची नसते.” माझी मावसबहीण त्याच महिन्यात नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि ती ग्रुपमध्ये होती. विषय बदलावा म्हणून मी खाली एक ओळ लिहिली आणि माझ्या त्या मेसेजची माहिती उघडून पाहिली, तर वाचणाऱ्यांच्या यादीत वेळेसह तिचे नाव होते. निळ्या टिकांची खूण आपल्या खासगी चॅटपुरती बंद करता येते, पण ग्रुपमध्ये ती चालूच राहते, त्यामुळे वाचूनही न वाचल्यासारखे करण्याची सभ्य पळवाट येथे कोणालाच मिळत नाही. तिच्या नावापुढे ‘टायपिंग’ असे दोनदा उमटले आणि दोन्ही वेळा ते विझले. त्यानंतर मामांना कोणीतरी फोन केला असावा, कारण मेसेज डिलीट झाला आणि त्याच्या जागी तो डिलीट केल्याची ओळ तेवढी राहिली. तिच्याखाली दहा मिनिटांनी आत्याने लिहिले, “काय होते? माझे वाचायचे राहिले.”

दोष सेवेचा नव्हता, वाक्याचा होता, हे मला मान्य आहे. तरीही शब्द मागे घेण्याच्या ज्या सोयींचे एवढे कौतुक होते, त्यांचा अशा वेळी काय उपयोग होतो, हे पाहायला हवे. २०१७ मध्ये सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय आली तेव्हा त्यासाठी सात मिनिटे मिळत, आता दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. २०२३ पासून मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्तही करता येतो. टंकलेखनाच्या चुकांसाठी या दोन्ही गोष्टी उत्तम आहेत. मताच्या बाबतीत मात्र पुसल्याची खूण मजकुरापेक्षा जास्त ठळक दिसते, आणि ज्याला लागायचे त्याला ते आधीच लागलेले असते.

माझ्या दृष्टीने या ग्रुपमधले सर्वांत मोलाचे बटण ‘रिप्लाय प्रायव्हेटली’ हे आहे. ग्रुपमधला एखादा मेसेज दाबून धरला आणि हा पर्याय निवडला की तो मेसेज अवतरणासह त्या एका माणसाच्या चॅटमध्ये उघडतो आणि बाकीच्या छत्तीस जणांचा प्रेक्षकवर्ग नाहीसा होतो. काकांना मी आता राजकारणावर असेच उत्तर देतो. ग्रुपमध्ये एक पाऊलही मागे न सरणारे काका तेथे माझ्या दोन मुद्द्यांपैकी एक सरळ मान्य करतात, दुसरा तितक्याच सरळपणे फेटाळतात आणि नळाचे काम झाले का ते विचारतात. आमच्या घरात हे बटण मी सोडून कोणीही वापरत नाही. नव्याने ग्रुपमध्ये येणाऱ्याने तेच आधी शिकावे आणि आवाज ‘नेहमीसाठी’ म्यूट करून ठेवावा. पूर्वी म्यूट जास्तीत जास्त वर्षभराचे असे, आणि ते संपल्याचा दिवस घरातले सगळेच ओळखत.

रोजच्या कामांसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन, राजकारणासाठी दोन आणि नातेसंबंधांसाठी अर्धा.

पुढच्या वेळी तारखेचा पोल टाकला तेव्हा सदस्य सदतीसच दिसले. २०२२ पासून ग्रुप गाजावाजा न करता सोडता येतो आणि त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. आमचे ॲडमिन मामाच आहेत आणि त्यांनी कोणाला काही सांगितले नव्हते. सोडून गेलेल्यांची नावे साठ दिवस पाहता येतात, तेथे मला मावसबहिणीचे नाव सापडले. मी तिला वेगळा मेसेज केला. रात्री उशिरा तिचा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला आणि तो मी साध्या वेगाने ऐकला.